रांगेतला पहिला माणूस

"आज आधी समुद्र. मग बाकी सगळं," डेस्मंड बूथरॉइडने सकाळी उकडलेल्या अंड्याचं टोक उडवत जाहीर केलं. त्याच्या बायकोने, जॅनिसने, मुलीकडे पाहिलं आणि तेरा वर्षांच्या टेसाने छताकडे. फक्त विनिफ्रेडबाईंनी, म्हणजे डेस्मंडच्या सासूबाईंनी, त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यांना ठेवणं भागच होतं, कारण घरात गाडी चालवणारा तो एकटाच होता.

विनिफ्रेडबाईंना स्कारबीच्या समुद्रात पाय बुडवायचे होते. दुसरं काही नको होतं. लग्न झाल्यापासून त्या दर उन्हाळ्यात स्कारबीला येत होत्या. पण गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या आदल्या वर्षी नवरा गेला. त्यामुळे दोन उन्हाळे पाय कोरडेच राहिले होते. "आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय," त्या म्हणायच्या. "पुढच्या वर्षीचं कुणी सांगितलंय?"

आता स्कारबीचा समुद्र हा काही दिवसभर घरी सापडणारा समुद्र नव्हे. भरतीला तो पार धक्क्याच्या पायऱ्यांशी येतो आणि ओहोटी लागली की असा लांब निघून जातो की मागे उरतो नुसता चिखल. त्या दिवशी भरती सकाळची होती, म्हणजे पाय बुडवायचे तर बाराच्या आत. हे डेस्मंडला चांगलं ठाऊक होतं. तो डॉनकास्टरच्या बस डेपोत वेळापत्रकं करायचा आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रकही त्याला पाठ होतं. पण वेळ पाळता येणाऱ्या माणसाला स्वस्थ बसता येतंच असं नाही. डेस्मंडला तर ते बापजन्मी जमलं नव्हतं.

स्कारबीत पोचल्यावर गाडी लावण्यापासूनच सुरुवात झाली. पहिली जागा उन्हात होती, दुसरी कचऱ्याच्या डब्याजवळ, आणि तिसऱ्या जागेच्या वरच्या दिव्याच्या खांबावर एक सीगल पक्षी बसला होता, त्याची नजर डेस्मंडला आवडली नाही.

"डेस, हीच जागा आपण मघाशी सोडली होती," जॅनिस म्हणाली.

"मघाशी ऊन होतं. आता ढग आलेत."

"मग लाव ना!"

"पण मग पुन्हा ऊन आलं तर?"

मागच्या सीटवरून विनिफ्रेडबाई म्हणाल्या, "डेस्मंड, अरे मला इथेच उतरव. मी काठी टेकत जाते हळूहळू."

"छे छे, आई! असं एकटं कुठे जाता? मी आहे ना!"

शेवटी गाडी लागली, ती समुद्रापासून इतक्या लांब की टेसाने विचारलं, "डॅड, आपण घरी परत चाललोय का?"

वाळूवर उतरल्यावर वारा अडवायच्या कापडी आडोशाचं नाटक सुरू झालं. स्कारबीच्या वाळूत पाऊल टाकलं की माणसं आधी काठ्या ठोकतात, कापड ताणतात आणि आपापलं राज्य आखून घेतात. डेस्मंडने एकदा राज्य आखलं, मग वाऱ्याने दिशा बदलली म्हणून उपटलं, मग शेजारच्या रेडिओचा त्रास होईल म्हणून पुन्हा हलवलं. प्रत्येक वेळी विनिफ्रेडबाईंना खुर्चीतून उठवून नव्या जागी बसवण्यात आलं. समुद्र अजून जवळच होता, अगदी हाकेच्या अंतरावर. विनिफ्रेडबाई त्याच्याकडे बघत बसल्या होत्या आणि हळूच मोजे उतरवायला लागल्या होत्या.

"थांबा, आई!" डेस्मंड ओरडला. "पाणी बर्फासारखं असेल. बाहेर आल्या आल्या हातात गरम चहा हवा. जॅनिस, थर्मास कुठाय?"

"गाडीत."

"गाडीत! आता काय करायचं?"

"काहीच करायचं नाही," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "मी जाते, पाय बुडवते, येते. एवढी वर्षं मी काय चहा घेऊन समुद्रात जात होते?"

"पाच मिनिटं, आई. फक्त पाच मिनिटं. वर रस्त्यावर कुठेतरी चहा मिळेल. तोवर हलायचं नाही हं!" आणि डेस्मंड पायऱ्या चढून गेलासुद्धा.

वर किनाऱ्याच्या रस्त्यावर ही गर्दी होती. ऑगस्टची जोडून सुट्टी, त्यामुळे अर्धं यॉर्कशर तिथे लोटलेलं. चहाची दुकानं भरलेली. डेस्मंड एकीकडून दुसरीकडे गेला, दुसरीकडून परत पहिलीकडे आला, आणि सार्वजनिक मुतारीच्या अलीकडे एक बंद लाकडी टपरी होती तिच्यासमोर बुटातली वाळू झाडायला थांबला. टपरीची हिरवी फळी लावलेली होती. वर पाटी नव्हती, काही नव्हतं. वाऱ्यापासून जरा आडोसा होता, एवढंच. त्याने एक बूट काढला, झाडला, घातला. दुसरा काढला. एवढ्यात त्याच्या मागे जांभळा रेनकोट घातलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

"माफ करा हं. रांग इथेच ना?" त्यांनी विचारलं.

इथे डेस्मंडने साधं "नाही" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण परक्या बाईंना तोंडावर "नाही" म्हणणं म्हणजे तुम्ही मूर्ख आहात असं सांगण्यासारखं, आणि तशी सवय आम्हा इंग्रजांना नाही. शिवाय बाई आत्मविश्वासाने आल्या होत्या. त्यांना काहीतरी माहीत असणार, इथे चहा मिळत असणार, असं डेस्मंडला वाटलं. बाईंना वाटलं, हा माणूस एक बूट हातात घेऊन उभा आहे त्या अर्थी बराच वेळ उभा असणार.

"हो, तसंच दिसतंय," डेस्मंड म्हणाला.

"छान," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली.

त्यांच्या मागे एक टकले गृहस्थ आले. त्यांच्या मागे एक जोडपं आलं, मग तीन मुलं घेऊन एक आई. आमच्याकडे दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की तिसऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. काय मिळतंय हे विचारणं हावरटपणाचं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. "बराच वेळ लागणार का?" एवढंच जो तो विचारी, आणि पुढचा सांगे, "लागेल तेवढा लागेल बुवा. तक्रार करून काय उपयोग?" बघता बघता रांग मुतारीला वळसा घालून पलीकडे गेली.

डेस्मंडची मात्र आता पंचाईत झाली. पायाखाली निखारे असल्यासारखा तो अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकत होता. जावं तर मागच्या तीस-चाळीस माणसांना काय सांगायचं? मी उगीच उभा होतो? आणि थांबावं तर तिकडे समुद्र चाललाय. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालं. जॅनिस आईजवळ आहे या विचाराने त्याने स्वतःची समजूत घातली. त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याने पुढे कधी कबूल केली नाही. आयुष्यात प्रथमच तो एखाद्या रांगेत पहिला होता.

तेवढ्यात नगरपालिकेचा टोपीवाला रखवालदार आला. एवढी शिस्तीची रांग पाहून तो प्रसन्न झाला. त्याने कुठूनतरी दोन खांब आणि दोरी आणून रांगेच्या कडेने बांधली आणि डेस्मंडला म्हणाला, "साहेब, तुम्ही पहिले ना? दोरीच्या आत उभे राहा. कुणाला मध्ये घुसू देऊ नका."

"मी? मी कशाला घुसू देईन?" डेस्मंड म्हणाला, आणि छाती थोडी पुढे आली.

दोरी आल्यावर मग शंकाच उरली नाही. रांगेत कुजबुज सुरू झाली. टकले गृहस्थ म्हणाले, सील मासे दाखवायला बोट जाते तिची तिकिटं आहेत. तीन मुलांच्या आईने ऐकलं होतं की बोटीत चहा फुकट असतो. जांभळ्या बाई म्हणाल्या, "माणशी एकच देतात म्हणे." काय एकच देतात, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

खाली वाळूवर जॅनिसचा धीर सुटला. "टेसा, आजीजवळ बस," असं सांगून ती तणतणत वर आली. डेस्मंड दिसताच सरळ त्याच्याकडे गेली.

"डेस! अरे काय करतोयस? समुद्र चालला! आई केव्हाची..."

"ओ बाई," टकले गृहस्थ म्हणाले, "रांग आहे."

"मला काही नकोय. हा माझा नवरा आहे."

"सगळे असंच म्हणतात," जांभळ्या बाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात पोस्टात एकीने असाच नवरा काढला होता."

जॅनिसने डेस्मंडकडे पाहिलं. डेस्मंडने समुद्राकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मध्ये मुतारी होती. "जॅन, तू जरा... नियमाप्रमाणे..." तो पुटपुटला. मागची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. आमच्याकडे चोराला माफी आहे, पण रांग मोडणाऱ्याला नाही. जॅनिसचे कान लाल झाले. ती दोरीच्या कडेकडेने मागे गेली. सरळ निघून गेली असती तर घुसायलाच आली होती हे सिद्ध झालं असतं. म्हणून ती मुतारीच्या पलीकडे, शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहिली. टेसा आईजवळ आहेच, ती मनात म्हणाली.

थोड्या वेळाने कानाला वॉकमन लावून टेसा आली. आजीला ती "कुठे जाऊ नकोस हं" असं बजावून आली होती.

"मम, तू इथे काय करतेयस? डॅड कुठाय?"

"पुढे. पहिला."

"कशात पहिला?"

"ते कळेलच. माणशी एकच देतात, तू पण थांब. आपली तीन तरी होतील. आजी बसलीय ना?"

"बसलीय," टेसा म्हणाली आणि आईच्या मागे उभी राहिली.

असा बराच वेळ गेला. मग हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन पांढऱ्या डगल्यातला एक माणूस शीळ घालत आला. रांगेत चैतन्य पसरलं. पर्सेस उघडल्या गेल्या. त्याने टपरीचं कुलूप काढलं, फळी वर केली आणि मागे वळला, तर समोर शंभरेक माणसं. तो दचकलाच.

"काय हवंय तुम्हाला?"

मागून जांभळ्या बाईंनी डेस्मंडला ढोसलं. "सांगा ना. तुम्ही पहिले आहात."

डेस्मंडने कॉलर सरळ केली. एवढ्या सगळ्यांच्या वतीने बोलायचं होतं. "चहा," तो म्हणाला. "चार."

"चहा? अहो, हे रंगाचं कोठार आहे. कठड्याला रंग द्यायला डबे न्यायला आलोय मी."

फळीच्या आत खरोखरच डबे होते. एकावर एक रचलेले, सगळे हिरवे. सगळ्यांनी माना लांबवून डब्यांकडे पाहिलं. मग टकले गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले, "हिरवा असेल तर आमच्या फाटकाला चालेल."

"इथे काही मिळत नाही!" रंगारी वैतागून म्हणाला आणि त्याने किनाऱ्याकडे हात केला. "जे काय असेल ते तिकडे, खाली."

त्या हाताच्या दिशेने डेस्मंडने पाहिलं. तो पुढे सरकून कठड्यापाशी गेला. समुद्र नव्हता. जिथे समुद्र होता तिथे मैलभर करडा, चकचकीत चिखल पसरला होता. त्यांचा आडोसा वाऱ्यावर फडफडत होता आणि आत खुर्ची रिकामी होती. दूर, पार दूर, जिथे पाण्याची एक बारीक रेघ उरली होती तिथे फिकट रंगाच्या कोटातली एक आकृती वाकलेली दिसत होती. विनिफ्रेडबाईंचा कोट फिकटच होता.

"आई!" डेस्मंड किंचाळला आणि धावत सुटला.

तो पायऱ्या उतरला तेव्हा जांभळ्या बाईंनी फक्त एवढंच पाहिलं की पुढचा माणूस पुढे गेला. "रांग हलली!" त्या म्हणाल्या, आणि पर्स सावरत त्याच्या मागे निघाल्या. त्यांच्या मागे टकले गृहस्थ, त्यांच्या मागे जोडपं. "बोट खालून सुटतेय!" कुणीतरी ओरडलं. मग पळापळ झाली, पण पळापळीतही कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही. जॅनिस आणि टेसाही शेवटच्या म्हणून शेवटी धावल्या.

चिखल घोट्यापर्यंत आला, मग पोटऱ्यांपर्यंत. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते डेस्मंडला त्या दिवशी शब्दशः पटलं, कारण त्याचा डावा बूट चिखलाने ओढून घेतला तो परत दिलाच नाही. पण त्याला बुटाची पर्वा नव्हती. त्याला नुसतं दिसत होतं की खुब्यात लोखंड घातलेली एक म्हातारी बाई एकटी चिखलात वाकलीय, आणि ती एकटी आहे ते आपल्यामुळे. पाच मिनिटं, पाच मिनिटं करत आपण तिचा समुद्र घालवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाऱ्यामुळे नव्हे.

"आई! थांबा! मी आलो!"

आकृती सरळ झाली. तिला मिशा होत्या. तो एक म्हातारा कोळी होता, गळाला लावायला चिखलातले किडे खणत होता. त्याने आधी एका बुटातल्या डेस्मंडकडे पाहिलं, मग त्याच्या मागे किनाऱ्यापर्यंत लागलेल्या माणसांच्या ओळीकडे.

"एवढ्यांना पुरायचे नाहीत," तो बादलीवर हात ठेवत म्हणाला.

"माणशी एकच देताय ना?" धापा टाकत जांभळ्या बाईंनी विचारलं.

सगळे परत फिरले. डेस्मंड पुढे, जॅनिस त्याच्या बरोबरीने, आणि दोघांच्या नजरा सारख्या किनारा चाळत होत्या. टेसा रडत होती. पोलिसांना सांगायचं, दवाखान्यात विचारायचं, कुणी काय करायचं यावर दोघांचं भांडण चालू होतं. तेवढ्यात टेसा म्हणाली, "डॅड, ती बघ."

धक्क्याच्या कट्ट्यावर विनिफ्रेडबाई बसल्या होत्या. मांडीवर कागदात तळलेले मासे आणि बटाट्याच्या जाड, गरम चिप्स, भरपूर व्हिनेगर मारलेले. पाय अनवाणी, कट्ट्यावरून खाली सोडलेले. झग्याचा घेर गुडघ्यापर्यंत ओला होऊन वाळत आलेला.

"काय रे ही शंभर माणसं घेऊन कुठे गेला होतास?" त्यांनी विचारलं. "मघापासून बघतेय. मला वाटलं, कुणी मोठं माणूस वारलं."

"आई!" जॅनिसचा आवाज चिरकला. "तू कुठे होतीस? तुला हलू नको म्हटलं होतं ना?"

"समुद्रात होते. टेसा गेली आणि मी उठले. पाणी अगदी इथेच होतं. मग मासे घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. एकही माणूस नव्हतं दुकानात, सगळे कुठे गेले होते कोण जाणे."

"आणि पडली असतीस तर?"

"पडले असते तर ओली झाले असते." विनिफ्रेडबाईंनी एक चिप तोंडात टाकली. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "जॅनिस, अगं, आर्थर होता तेव्हा तो दरवर्षी माझा हात धरून मला पाण्यापर्यंत न्यायचा. गार आहे, दगड आहेत, लाट येतेय, असं म्हणत घोट्याला पाणी लागायच्या आत परत आणायचा. चांगला माणूस होता. मग यंदा तुम्ही आणलंत. तुम्हीही चांगलेच. एवढी वर्षं मी या समुद्रावर येतेय आणि आज पहिल्यांदा गुडघ्यापर्यंत गेले. उभी राहिले. कुणी चल म्हणालं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. मला वाटेल तेवढा वेळ उभी राहिले."

जॅनिस आईच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. डेस्मंड चिखलाने भरलेल्या पायांनी दोघींसमोर उभा राहिला.

"पाणी कसं होतं?" शेवटी त्याने एवढंच विचारलं.

"गार," विनिफ्रेडबाई समाधानाने म्हणाल्या. "भयंकर गार. जा, आधी ते पाय धू. गाडीत चिखल नको."

पायऱ्यांच्या तोंडाशी पाय धुवायचा नळ होता, एकच. त्याच्यासमोर रांग होती. सगळ्यांत पुढे जांभळा रेनकोट, मागे टकले गृहस्थ, मग जोडपं, मग मुलं. सगळी शंभर माणसं, गुडघ्यापर्यंत करडी. डेस्मंड एका बुटात लंगडत पार मुतारीच्या पलीकडे गेला आणि शेवटच्या माणसाच्या मागे उभा राहिला.

थोड्या वेळाने काठी टेकत विनिफ्रेडबाई आल्या आणि उरलेल्या चिप्सचा कागद त्याच्यापुढे धरला. चिप्स गार झाल्या होत्या. डेस्मंडने एक घेतली.

"आई, चुकलंच माझं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आल्या आल्या आधी समुद्र. गाडी कुठेही लावतो, आडोसा नको, चहा नको. शप्पथ सांगतो."

विनिफ्रेडबाईंनी त्याच्या दंडावर थोपटलं.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आल्या आल्या तू आपली आधी रांगच लाव."